श्रावण आपला, कुत्र्याचा नव्हे

कोकणातल्या घराचं जेवण पंचांगाबरहुकूम चालतं. मे महिन्यात सुकी मासळी भरून ठेवायची, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद, पाठोपाठ श्रावण, मग गणपती, आणि विसर्जन झालं की बाजारात पुन्हा टोपल्या. आपल्या जिभेला हा फेरा मानवतो. पडवीतल्या कुत्र्याच्या आतड्यांना तो मानवत नाही, कारण बहुतेक घरांत त्याच्या वाडग्यात पडतं ते आपल्याच पानातलं उरलेलं. एप्रिलमध्ये बांगड्याची डोकी नि भात, जूनमध्ये सुकटीचा चुरा, श्रावणात आमटीभात, चवथीला करंज्या. प्रत्येक बदलाला दोन-तीन दिवस पोट सुटतं आणि खापर पावसाच्या पाण्यावर फुटतं.

म्हणून त्याचं पंचांग वेगळं ठेवायचं. घरात काहीही शिजो, त्याची वेळ, त्याचं माप आणि त्याच्या वाडग्यातल्या मुख्य जिनसा बदलायच्या नाहीत. बदलायच्याच असतील तर आठवडा लावून बदलायच्या.

आधी वेळ. वर्षावरच्या कुत्र्याला दिवसातून दोनदा, साधारण बारा तासांच्या अंतराने वाढावं. सकाळी सात आणि संध्याकाळी सात हे सोयीचं पडतं. गावात रात्री सगळ्यांची पानं उठली की एकदाच वाढायची रीत आहे. त्याने कुत्रं उपाशी मरत नाही, पण पोट फार वेळ रिकामं राहिलं की पहाटे खळ्यात पिवळा फेस ओकलेला दिसतो. ते पित्त. औषध देण्याआधी दोन जेवणांमधलं अंतर मोजा; रात्री दहाला मूठभर भात किंवा अर्धं अंडं दिलं तरी बहुतेकदा ती उलटी थांबते. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, डॉबरमन अशा खोल छातीच्या मोठ्या जातींत एकाच वेळी भरपूर खाण्याचा धोका त्याहून गंभीर आहे: पोट वायूने फुगून पीळ बसू शकतो. या कुत्र्यांना दोनच काय, तीनदा वाढलं तरी चालेल, आणि जेवणानंतर तासभर धावपळ, चेंडू, पुळणीवरची पळापळ बंद. पोट टम्म फुगलंय, कुत्रं उलटीचा प्रयत्न करतंय पण बाहेर काही पडत नाही, असं दिसलं तर ओवा-हिंगाचे प्रयोग करत बसू नका, गाडी काढा. ते दुखणं तासांत जीव घेतं, आणि आपल्याकडे शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर तालुक्याच्या गावीही असेलच असं नाही. जवळात जवळ अशी सोय कुठे आहे, हे आजच विचारून ठेवायची गोष्ट आहे.

पिल्लांचं गणित निराळं. दोन ते तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा. मे महिन्यात सगळ्यांच्याच वेळा थोड्या सरकवा, सकाळी साडेसहाच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर. कुत्र्याचं अंग थंड होतं ते धापा टाकून, आणि दमट हवेत धापेचा उपयोग कमी होतो. भर उकाड्यात भरल्या पोटी त्याला आणखी जड जातं. त्या दिवसांत तो पाव-भाग कमी खातो, ते चालायचंच.

वाडगा खाली ठेवला की वीस मिनिटं. उरलं तर उचलायचं, मध्ये काही द्यायचं नाही, पुढच्या वेळेला पुन्हा ताजं वाढायचं. याची दोन कारणं. एक तर आपल्या हवेत शिजवलेला भात काही तासांत आंबायला लागतो. दुसरं जास्त महत्त्वाचं: रोज सातला वाडगा चाटूनपुसून स्वच्छ करणारं कुत्रं आज वास घेऊन बाजूला झालं, हे तुम्हाला सव्वासातला कळतं. वाडगा दिवसभर भरलेला असेल तर ते दुसऱ्या दिवशी दुपारी कळतं, आणि गोचीडतापात हा एक दिवस फार मोलाचा असतो.

आता माप. 'पोटभर' हे माप नव्हे. काही कुत्री, विशेषतः लॅब्रॅडोर, पोट भरलं तरी थांबत नाहीत. साध्या कॅल्क्युलेटरवर जमेल असा हिशेब आहे. कुत्र्याचं वजन किलोत घ्या, त्याला त्याच आकड्याने दोनदा गुणा, आलेल्या उत्तरावर वर्गमुळाचं बटण दोनदा दाबा आणि ७० ने गुणा. १५ किलोच्या गावठी कुत्र्याचं उत्तर साधारण ५३३ येतं. नुसतं पडून राहायलाही त्याला इतक्या किलोकॅलरी लागतात. नसबंदी झालेल्या, बेताची हालचाल करणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी याला १.६ ने गुणा, नसबंदी न झालेल्यासाठी १.८ ने, दिवसभर लाद्यांवर लोळणाऱ्यासाठी १.२ ते १.४ ने. चार महिन्यांखालच्या पिल्लाला तिप्पट, पुढे वाढ पुरी होईपर्यंत सुमारे दुप्पट. म्हणजे नसबंदी झालेल्या १५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला ८५० च्या आसपास. १० किलोला ६३०, २० ला १०६०, ३० ला १४३५. वजन दुप्पट झालं म्हणून जेवण दुप्पट होत नाही, हे या आकड्यांत दिसेल. मोठी कुत्री लठ्ठ होण्याचं एक कारण तेच.

वजन करायला त्याला उचलून घेऊन काट्यावर उभं राहा आणि आपलं वजन वजा करा. उचलवत नसेल तर काजू किंवा भात मोजायचा मोठा काटा कुठल्याही वखारीत असतो. आणि हा आकडा सुरुवातीचा आहे, वेदवाक्य नाही. दर पंधरा दिवसांनी बरगड्यांवरून हात फिरवा. हाताचा पंजा सरळ धरून मागच्या बाजूने बोट फिरवल्यावर हाडं जशी लागतात तशा बरगड्या लागल्या पाहिजेत. मुठीच्या उंचवट्यांसारख्या टोचत असतील तर वाढवा, तळहातासारखं मऊ लागत असेल तर दहा टक्के कमी करा. वरून पाहिल्यावर कंबर दिसायला हवी. गावात कंबर दिसणाऱ्या कुत्र्याला 'खायला घालत नाही वाटतं' म्हणणारे चार जण भेटतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नये.

१५ किलोच्या कुत्र्याचं एका दिवसाचं घरचं जेवण असं बसतं: शिजलेला उकडा भात २५० ग्रॅम, म्हणजे कोरडे तांदूळ ८५ ते ९० ग्रॅम, हाडं-कातडं काढून शिजवलेली कोंबडी २०० ग्रॅम, एक उकडलेलं अंडं, कोंबडीचं काळीज २० ग्रॅम, लाल भोपळा किंवा दुधी ८० ग्रॅम, एक चहाचा चमचा तेल. भात आणि भाजी मऊ, जवळजवळ आटवलसारखी शिजवायची. हळद चिमूटभर चालेल. कांदा, लसूण, मिरची, तिरफळं, फोडणी काही नाही. हे दोन भाग करून दोन वेळा. काळीज आवडतं म्हणून वाढवू नका, त्यातलं अ जीवनसत्त्व अंगात साठत जातं.

आणि कॅल्शियम. घरच्या जेवणातली सगळ्यात मोठी चूक इथे होते. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळजवळ नाहीच. ती तूट शरीर हाडांतून भरून काढतं आणि वर्ष-दोन वर्षं काही दिसतही नाही. अंड्याची टरफलं धुऊन दहा मिनिटं उकळायची, खडखडीत वाळवायची, मिक्सरमध्ये पिठासारखी बारीक करायची. अर्ध्या चहाच्या चमच्यात साधारण १ ग्रॅम कॅल्शियम मिळतं आणि वरच्या ताटाला तेवढं पुरतं. 'आम्ही नाचणी देतो की' हे उत्तर नेहमी ऐकू येतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे. कुत्रं दिवसाला ५० ग्रॅम खाईल, आणि त्यातलंही सगळं अंगी लागत नाही. नाचणी द्या, पण तिच्यावर विसंबू नका. एवढं करूनही जस्त, ड आणि ई जीवनसत्त्व, आयोडीन यांची उणीव राहते, म्हणून कायम घरचंच द्यायचं असेल तर वजनाप्रमाणे पूरक पावडर पशुवैद्यांकडून लिहून घ्यावी. वाढत्या पिल्लांवर, त्यातही मोठ्या जातीच्या, हे टरफलांचे प्रयोग नकोत. त्यांना कॅल्शियम कमी पडलं तर पाय वाकतात आणि जास्त झालं तरी सांध्यांची वाढ बिघडते. त्यांना पिल्लांसाठीचं तयार खाद्यच बरं.

भात कुत्र्याला पचत नाही, तो मुळात मांसाहारी, असं हल्ली मोबाईलवर फार फिरतं. २०१३ साली 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात लांडगा आणि कुत्रा यांची जनुकं ताडून पाहिली होती. पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात कितीतरी पटींनी जास्त निघाल्या. शिजलेला भात त्याला उत्तम पचतो. अडचण भाताची नाही, नुसत्या भाताची आहे. दूधभाताचंही तसंच: प्रौढ कुत्र्यांत दुधातली साखर पचवण्याची ताकद कमी झालेली असते, त्यामुळे वाटीभर दुधाने अनेकांना ढाळ होतात. दोन-तीन चमचे दही किंवा बिनमिठाचं ताक त्याहून चांगलं सोसतं.

मासळी हा आपला खरा विषय. तारली, पेडवे, बांगडा हे कुत्र्यासाठी फार चांगले: प्रथिनं आहेत, कातडी-केसांना लागणारं तेल आहे, आणि हंगामात स्वस्त. पण कच्चे नकोत. काही माशांमध्ये ब१ जीवनसत्त्व मोडून टाकणारा घटक असतो, तो शिजवल्यावर निकामी होतो. काटा हीच भीती असेल तर कुकर वापरा. तारल्या साफ करून, डोकी आणि आतडी काढून, थोड्या पाण्यात मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. मधला काटा दोन बोटांत चुरडून पाहा. पीठ झाला तर तो काट्यासकट द्या, आणि त्या दिवशी टरफलाची पूड पाव चमच्यावर आणा. चुरडत नसेल तर काटा काढा. सुरमई, मोरी, घोळ यांच्या जाड मणक्यांच्या वाटेला जाऊच नका. तसंच आपल्या रश्श्यातली कोंबडीची हाडं. शिजलेलं हाड सुरीसारखं फुटतं.

दुपारभर टोपलीत राहिलेला बांगडा 'आपल्याला नको तर कुत्र्याला' म्हणून दिला जातो. बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात हिस्टामीन हे विषारी द्रव्य तयार होतं आणि ते कितीही उकळलं तरी जात नाही, उलट्या-जुलाब होऊ शकतात. सुक्या मासळीत खारवलेला बांगडा बाद, मीठ फार. बिनमिठाचे वाळवलेले बोंबील भिजवून, दोन पाण्यांत वाळू काढून, शिजवून दिले तर चालतात, तेही भाताला वास लागावा एवढेच. कालवणातला मासा धुऊन देणं हा उपाय नव्हे. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला की परिणाम दिसू लागतो, लसूण त्याहून तिखट पडतो, आणि वाटणात ते दोन्ही विरघळलेले असतात. वाटण पडण्याआधी दोन तुकडे बाजूला काढून पाण्यात शिजवायला पाच मिनिटं जास्त लागतात, इतकंच.

बंदरावर आणि पुळणीवर तर पट्टा सोडूच नये. जाळ्यातून निवडून टाकलेल्या कचऱ्यात केंड मासा असतो. तो फुगणारा, गोल पोटाचा; त्याच्या काळजात, गाबोळीत, कातडीत भयंकर विष आहे, त्यावर उतारा नाही, शिजवल्यानेही ते जात नाही. शिवाय माशाच्या टाकलेल्या डोक्यात गळ राहिलेला असू शकतो. आणि तहानलेलं कुत्रं समुद्राचं पाणी पितं, मग घरी येऊन ओकतं. फिरायला निघताना बाटलीभर पाणी बरोबर घ्या. किलोमागे दिवसाला ५० ते ६० मिलिलिटर हा पाण्याचा साधारण अंदाज. मऊ भात खाणारा वाडग्यातून त्याहून कमी पितो.

तयार कोरडं खाद्य देत असाल तर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या किनाऱ्यावर खरी लढाई साठवणीची. मोठी पिशवी स्वस्त पडते, पण एका कुत्र्यासाठी जून ते सप्टेंबर ती घेऊ नका. उघडल्यावर महिन्या-दीड महिन्यात संपेल एवढीच घ्या. दाणे डब्यात ओतायचे नाहीत; अख्खी पिशवी, तोंड घट्ट गुंडाळून, झाकणाच्या डब्यात ठेवायची. डब्याच्या कडांना राहिलेलं जुनं तेल खवट होतं आणि नव्या दाण्यांनाही लागतं. दाणा मऊ लागला, खवट वास आला, करडी बुरशी दिसली तर सगळी पिशवी टाका, वरचा थर नव्हे. बुरशीचं विष यकृत बिघडवतं आणि ते उन्हात वाळवून जात नाही. बुरशी आलेली भाकरीही कुत्र्याला नाही. माप वाटीने नको, काट्याने घ्या: पिशवीवर दर किलोला किती किलोकॅलरी ते छापलेलं असतं. ३५०० असेल तर ८५० साठी २४० ग्रॅम होतात. अर्धं घरचं, अर्धं तयार असं चालतं, पण दोन्ही अर्धी. पूर्ण भाताच्या वर दाणे पेरणं म्हणजे दीडपट जेवण.

मुंग्यांसाठी वाडगा पाण्याच्या परातीत ठेवा. रात्री वाडगा बाहेर राहिला तर उंदीर-घुशी येतात, त्यांच्या मुताबरोबर लेप्टो येतो. कुत्र्याला त्याची लस दरवर्षी मिळते, आणि तीही घ्या. पाण्याचं भांडं रोज सकाळी घासून भरायचं, कारण पावसाळ्यात त्यात भेक बसलेला असतो आणि त्याच्या अंगावरचा चीक विषारी.

श्रावणाची तयारी आषाढात. ज्या घरात महिनाभर मांसमच्छी शिजत नाही तिथे सगळ्यात सोपा मार्ग तयार खाद्याचा: ते चुलीवर चढत नाही, कुणाला अडचण नाही. आषाढाच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरुवात करा. पहिले दोन दिवस पाव-भाग नवं, पुढचे दोन दिवस निम्मं, पुढचे दोन दिवस पाऊण, सातव्या दिवशी पूर्ण. मध्येच शी पातळ झाली तर एक पायरी मागे येऊन दोन दिवस थांबा. परत मासळीवर येतानाही हाच क्रम. तयार खाद्य नको असेल आणि अंडं चालत असेल तर पडवीत वेगळ्या भांड्यात तीन अंडी उकडा, ६०-७० ग्रॅम पनीर आणि घट्ट शिजलेलं बिनफोडणीचं मूगवरण जोडा, भात तेवढाच. अंडंही नको म्हटलं तर पनीर नि डाळीवर महिना निभतो, त्याहून लांबवू नये. आपलं व्रत त्याने घेतलेलं नाही.

हंगामी धोक्यांपैकी दोन लोकांना माहीतच नसतात. एक खिरापत. पंचखाद्यातल्या पाचांपैकी एक खिसमिस, आणि मनुका-बेदाणे-द्राक्षं कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पाडू शकतात. किती खाल्ल्यावर, हे कुत्र्याकुत्र्यागणिक बदलतं, म्हणून सुरक्षित माप असं नाहीच. आरतीनंतर मुलांच्या हातून सांडलेली खिरापत कुत्रंच साफ करतं. खाल्ल्याचं कळलं की लगेच, उलटी व्हायची वाट न पाहता, डॉक्टर. घरी मिठाचं पाणी पाजून ओकायला लावू नका. दुसरी आंब्याची कोय. हापूसची चोखलेली कोय मोठं कुत्रं अख्खी गिळतं, ती पोटात दिवसच्या दिवस राहते, मग एकदा आतड्यात अडकते. मे महिन्यात वारंवार उलट्या आणि शी बंद असेल तर कोयीचाच संशय आधी घ्या. साली-कोयींचा टोप झाकून ठेवा. बागेत कलमांना एरंडीची पेंड घालत असाल तर त्या दिवशी कुत्रं बांधून. तिचा वास त्यांना ओढतो आणि ती जहाल विषारी असते.

वाडगा एक वेळ सोडला आणि बाकी टवटवी असेल तर पुढच्या वेळेपर्यंत थांबायला हरकत नाही. पण हिरड्या फिक्या, अंग गरम, लघवी चहासारखी किंवा कानामागे गोचीड सापडले तर त्याच दिवशी रक्त तपासा. तीन महिन्यांखालच्या पिल्लाने जेवण सोडलं आणि मलूल पडलं तर पुढच्या वेळेपर्यंतसुद्धा थांबू नका.

राहता राहिले चाकरमानी. चवथीला घरात पंधरा माणसं असतात आणि प्रत्येकजण एकेक बिस्किट टाकतो. ग्लुकोजचं एक बिस्किट वीस-पंचवीस किलोकॅलरींचं. पंधरा झाली की १५ किलोच्या कुत्र्याचं चाळीस टक्क्यांच्या आसपासचं जेवण झालं. वरच्या खाऊला दिवसाच्या दहा टक्क्यांची मर्यादा असते, म्हणजे त्याला ८५. माणसांना नाही म्हणता येत नाही, म्हणून पडवीच्या खुंटीला छोटा डबा अडकवायचा: सकाळी त्यात उकडलेल्या कोंबडीचे नखाएवढे वीस-पंचवीस तुकडे किंवा त्याच्याच जेवणातून काढलेले दाणे मोजून घालायचे, ज्याला द्यायचं असेल त्याने त्यातूनच द्यायचं, आणि डबा रिकामा झाला की उद्या सकाळी.